मातीची लिपी : शिल्पकार ऑग्यूस्त रॉदँ

इ.स. १८५४. पॅरिसच्या पोलीस खात्यात साधी कारकुनी करणारे ज्याँ-बातीस्त रॉदँ यांच्यापुढे जो प्रश्न उभा होता, तो कोणत्याही काळातील आणि कोणत्याही देशातील मध्यमवर्गीय बापाला पडावा असाच होता. मुलगा चौदा वर्षांचा झाला होता. पॅरिसमधील धर्मबंधूंची शाळा झाली, बोव्हे गावी काकांनी चालविलेल्या वसतिशाळेत तीन वर्षे ठेवून झाली. तरीही शुद्धलेखन सुधारत नव्हते, हिशेब जमत नव्हते, वाचन अडखळत होते. सरकारी नोकरीत चिकटवावा, तर अर्ज तरी नीट लिहिता यायला हवा. मुलाला एकच गोष्ट मनापासून येत होती : हाती लागेल त्या कागदावर चित्र काढणे. पण त्यावर पोट कसे भरणार?

हा मुलगा म्हणजे पुढे आधुनिक शिल्पकलेचा आद्य पुरुष मानला गेलेला ऑग्यूस्त रॉदँ. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८४० चा. आज शिकण्यातील अडचणींविषयी लिहिणारे अनेक लेखक त्याचे नाव डिस्लेक्सिया असलेल्या थोर व्यक्तींच्या यादीत घालतात. येथे थोडे सावध राहणे इष्ट. रॉदँची अशी तपासणी त्याच्या हयातीत कोणी केली नाही, आणि ती होणे शक्यही नव्हते. डिस्लेक्सिया हा शब्दच मुळी १८८७ मध्ये रूडोल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने रूढ केला. एरवी हुशार असूनही वाचू-लिहू न शकणाऱ्या एका मुलाचे वर्णन प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. तो मुलगाही चौदाच वर्षांचा होता. रॉदँ तेव्हा छप्पन्नाव्या वर्षात होता आणि साऱ्या युरोपात त्याचे नाव गाजत होते. शिवाय त्याची दृष्टी लहानपणापासून अधू होती. दूरचे स्पष्ट दिसत नसे, आणि ही गोष्ट शाळेत कोणाच्या ध्यानी आली नाही. म्हणजे फळ्यावरची अक्षरे दिसत नव्हती की दिसूनही उमगत नव्हती, हे आता ठामपणे सांगता येणार नाही. मात्र फळा कधीच मागे पडला, तरीही त्याच्या पत्रांतील शुद्धलेखनाच्या चुका आयुष्यभर संपल्या नाहीत, एवढे खरे. त्या काळी अशा मुलाला एकच नाव होते : मंदबुद्धी.

वडिलांचा कल चित्रकलेच्या विरोधात होता. दोन वर्षांनी मोठी असलेली बहीण मारिया हिने भावाची बाजू घेतली, तेव्हा कुठे एक मधला मार्ग निघाला. पॅरिसमध्ये १७६६ साली स्थापन झालेली चित्रकला आणि गणित यांची एक विनाशुल्क शाळा होती. घडीव दगड, चांदी, चिनी माती, पडदे, फर्निचर अशा शोभेच्या उद्योगांसाठी कुशल कारागीर घडविणे हा तिचा उद्देश. पॅरिसकर तिला ‘छोटी शाळा’ म्हणत. ‘मोठी शाळा’ म्हणजे एकोल दे बोझार. तेथून कलावंत निघत. छोट्या शाळेतून कामगार निघत. वडिलांना ही तडजोड पटली असावी, कारण निदान हातात कसब तरी येणार होते.

तेथे ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक होते. त्यांची शिकविण्याची पद्धत साऱ्या फ्रान्समध्ये वेगळी होती. विद्यार्थ्यासमोर एखादी वस्तू ठेवायची, त्याने ती डोळे भरून पाहायची, मग ती दृष्टीआड करायची आणि केवळ स्मरणाने तिचे चित्र काढायचे. आरंभ सोप्या आकारांपासून, पुढे चेहऱ्याचे भाग, मग पूर्ण आकृती, आणि शेवटी मोकळ्या जागेत हालचाल करणारी माणसे. पाठांतर आपल्यालाही अपरिचित नाही. पण येथे पाठ करायचे होते ते शब्द नव्हेत, आकार. ज्या मुलाच्या डोक्यात शब्दाची अक्षरे नीट ठरत नव्हती, त्याच्या डोक्यात खांद्याचा उतार, मानेचा बाक, पानाची शीर एकदा पाहिली की पक्की बसे. शाळेने ज्याला स्मरणशक्ती नाही असे ठरविले होते, त्याला एक अफाट स्मरणशक्ती होती. तिची परीक्षा आजवर कोणी घेतली नव्हती, इतकेच.

या शाळेत त्याने पहिल्यांदा मातीला हात लावला आणि मग चित्रकार होण्याचा विचार मागे पडला. सकाळी शाळा, दुपारी लूव्र संग्रहालयात पुतळ्यांची रेखाटने, संध्याकाळी गोबलँच्या वर्गात जिवंत मॉडेलवरून अभ्यास, असा त्याचा दिवस असे. या घाईतही तो ग्रंथालयात जाऊन बसे आणि होमर, दान्ते, ह्यूगो यांची पुस्तके चिकाटीने वाची. वाचन त्याला सोपे नव्हते, म्हणून त्याने ते सोडले नाही. आपल्या गतीने, पुनःपुन्हा, आयुष्यभर चालू ठेवले.

१८५७ पासून त्याने मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसण्यास सुरुवात केली. तीन वेळा बसला आणि तिन्ही वेळा नापास झाला. येथे वाचकाची अपेक्षा अशी होईल की शुद्धलेखनाने घात केला असेल. तसे नव्हते. चित्रकलेत तो उत्तीर्ण झाला. नापास झाला तो शिल्पकलेत. छोट्या शाळेत त्याने अठराव्या शतकातील जिवंत, हालत्याबोलत्या शैलीचे धडे घेतले होते, आणि मोठ्या शाळेला थंड, घोटीव अभिजात शैली हवी होती. ज्या एका विषयात आपण चांगले आहोत असे वाटत होते, त्यातच नालायक ठरणे हा आघात निराळाच. ती पदवी नसल्याने शासकीय शिष्यवृत्ती, रोमची वारी, पुढची शासकीय कामे हे सारे दरवाजे एकदम बंद झाले.

उरली ती रोजंदारी. पुढील जवळजवळ वीस वर्षे रॉदँ दुसऱ्यांच्या कारखान्यांत शोभेचे काम करीत राहिला. त्या काळी पॅरिसची पुनर्रचना चालू होती. नव्या इमारतींना वेलबुट्टी, मुखवटे, पऱ्या, फुलांच्या माळा लागत. हे काम करणाऱ्याचे नाव कोठेही कोरले जात नसे. पण याच कारखान्यात कॉन्स्तां नावाच्या एका सहकारी कारागिराने त्याला एक धडा दिला, जो तो म्हातारपणीही कृतज्ञतेने सांगे. रॉदँ मातीची पाने घडवीत होता आणि ती सपाट दिसत होती. पान आडवे पसरलेले आहे असे न समजता त्याचे टोक आपल्या दिशेने पुढे येत आहे असे समजून घडव, असे त्या कारागिराने सुचविले. पृष्ठभाग म्हणजे आतल्या घनतेचे बाहेर आलेले टोक, ही रॉदँच्या साऱ्या कलेची किल्ली त्याला कोणत्या अकादमीत मिळाली नाही. ती एका अनामिक कामगाराच्या बाकावर मिळाली.

१८६२ मध्ये बहीण मारिया मरण पावली. प्रेमभंगानंतर ती मठात गेली होती. घरात जिने त्याच्यावर विश्वास ठेवला, तीच गेली. रॉदँ खचला आणि त्याने स्वतःही धर्मसंघात प्रवेश केला. त्या संघाचे संस्थापक पीएर-झ्युलियाँ एमार हे विलक्षण समंजस गृहस्थ होते. या तरुणाचा पिंड संन्याशाचा नाही हे त्यांनी ओळखले, मठातच त्याला काम करू दिले आणि शिल्पकलेकडे परत जाण्यास सांगितले. पुढे चर्चने संतपद दिलेल्या या धर्मगुरूचा रॉदँने घडविलेला अर्धपुतळा आजही पाहायला मिळतो.

१८६४ मध्ये त्याला शिवणकाम करणारी रोझ ब्यरे भेटली आणि ती आयुष्यभराची सोबतीण झाली. त्याच सुमारास त्याने आल्बेर कारिये-बेल्यूझ या यशस्वी शिल्पकाराच्या कारखान्यात नोकरी धरली. दिवसभर मालकाच्या नावाने सुबक मूर्ती घडवायच्या आणि उरलेल्या वेळात एका गारठलेल्या तबेल्यात स्वतःचे काम करायचे. तेथे त्याने बिबी नावाच्या एका वृद्ध मजुराचे डोके घडविले. एका हिवाळ्यात थंडीने ते फुटले, मागचा भाग गळून पडला आणि फक्त चेहरा उरला. रॉदँने तो तसाच ‘तुटक्या नाकाचा माणूस’ म्हणून सालों या शासकीय प्रदर्शनाकडे पाठविला. तो नाकारला गेला. त्याचीच संगमरवरी आवृत्ती १८७५ मध्ये स्वीकारली गेली.

१८७० च्या युद्धात त्याला नॅशनल गार्डमध्ये भरती केले आणि अधू दृष्टीमुळे सोडूनही दिले. पॅरिसमध्ये काम उरले नव्हते. १८७१ मध्ये तो ब्रुसेल्सला गेला आणि सहा वर्षे परदेशी कामगार म्हणून राहिला. तेथे व्हान रासबुर्ग या भागीदाराबरोबर त्याने करार केला. त्यानुसार बेल्जियममधील कामांवर भागीदाराचे नाव जाई, फ्रान्समधील कामांवर रॉदँचे. आणि काम सारे बेल्जियममध्येच होते. परक्या देशात आपले काम दुसऱ्याच्या नावाने उभे राहताना पाहणे काय असते, हे आपल्यापैकी अनेकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र याच वर्षांत त्याने साठवलेल्या पैशांतून इटलीची यात्रा केली, मायकेलअँजेलोची शिल्पे पाहिली आणि परत येऊन एका बेल्जियन सैनिकाला समोर उभे करून एक पूर्णाकृती पुतळा पुरा केला. ‘ब्राँझयुग’ नावाने तो १८७७ मध्ये ब्रुसेल्सला आणि मग पॅरिसच्या सालोंमध्ये मांडला गेला. तो इतका जिवंत होता की परीक्षकांना आणि टीकाकारांना संशय आला. हा घडविलेला नाही, जिवंत माणसाच्या अंगावर साचा घेऊन ओतलेला आहे, असा आरोप झाला. शिल्पकाराच्या दृष्टीने ही चोरीच. छत्तिसाव्या वर्षी प्रथमच काही स्वतःचे असे हाती आले आणि तेच खोटे ठरविले गेले.

रॉदँने निषेधाची पत्रे लिहिली. मॉडेलची छायाचित्रे आणि त्याच्या अंगावरून घेतलेले साचे पुरावा म्हणून पाठविले. त्यांकडे कोणी धड पाहिलेही नाही. ज्याची लेखणी दुबळी, त्याने कागदावर बाजू मांडायची आणि ती वाचायची कोणी, तर ज्यांनी त्याला आधीच नाकारले होते त्यांनी. अखेर त्याला सोडविले ते त्याच्या हातांनी. आल्फ्रेद बुशे या तरुण शिल्पकाराने एकदा रॉदँला काम करताना पाहिले. एका शोभेच्या चौकटीसाठी तो बालकांच्या आकृती घडवीत होता; समोर मॉडेल नाही, रेखाटन नाही, आणि हात सरसर चालले होते. ज्याला स्मरणाने असे घडविता येते, त्याला अंगावरून साचा घेण्याची गरज काय? बुशेने ही गोष्ट ज्येष्ठ शिल्पकार पॉल द्युब्वा यांना सांगितली. द्युब्वा आणि इतर मान्यवर शिल्पकारांनी शासनाला पत्र लिहून रॉदँच्या प्रामाणिकपणाची ग्वाही दिली. त्यात त्याचा जुना मालक कारिये-बेल्यूझही होता. १८८० मध्ये शासनाने ‘ब्राँझयुग’ विकत घेतला. छोट्या शाळेत गिरविलेली स्मरणाची विद्या आणि वीस वर्षांची मजुरी, दोन्ही एका क्षणी कामी आली.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला कलाखात्याचे उपमंत्री एदमाँ त्युर्के यांनी त्याला नियोजित शोभाकला संग्रहालयासाठी एक भव्य दरवाजा घडविण्याचे काम दिले. विषय दान्तेच्या महाकाव्याचा. तेव्हा रॉदँ पोट भरण्यासाठी सेव्रच्या चिनी मातीच्या कारखान्यात नोकरी करीत होता. तरुणपणी ग्रंथालयात ज्या पुस्तकाशी झटापट केली होती, ते त्याने पुन्हा उघडले आणि सुमारे वर्षभर त्याच्याच सहवासात राहिला. त्याचे वाचन पेन्सिलीने चाले. पानामागून पान रेखाटनांनी भरे. यातून ‘नरकाचे द्वार’ जन्मले. सुमारे सहा मीटर उंचीच्या या दरवाज्यावर दीडशेहून अधिक आकृती आहेत. ते संग्रहालय कधी झालेच नाही आणि दरवाजाही त्याच्या हयातीत ब्राँझमध्ये ओतला गेला नाही. परंतु त्यातूनच एकेक आकृती सुटी होऊन जगभर गेली. चौकटीच्या माथ्यावर बसून खालचा नरक पाहणारा कवी तर ‘द थिंकर’ म्हणून घरोघरी पोहोचला.

त्याच्या कार्यशाळेतील रीतही त्याच्या शिकण्याच्या रीतीसारखीच होती. मॉडेलला एका ठरावीक पवित्र्यात उभे न करता तो त्यांना खोलीभर मोकळे फिरू देई आणि एखादी हालचाल मनात भरली की तिचा पाठलाग करी. उतारवयातील रेखाटने तर तो कागदाकडे न पाहता काढी. डोळा मॉडेलवर, हात कागदावर. बाल्झाक या कादंबरीकाराचा पुतळा करण्याचे काम लेखकांच्या संस्थेने त्याला १८९१ मध्ये दिले. तेव्हा त्याने बाल्झाकविषयी वाचले, पण तेवढ्यावर भागविले नाही. तो लेखकाच्या तूरेन प्रांतात जाऊन तेथील माणसांचे चेहरे न्याहाळून आला आणि बाल्झाकच्या जुन्या शिंप्याकडून त्याच्या मापाचे कपडे शिवून घेतले. लेखकाचे शरीर त्याने असे वाचले. १८९८ मध्ये संस्थेने तो पुतळा नाकारला. रॉदँने तो घरी आणून ठेवला. १९३९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, तो पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला.

कीर्ती वाढली तसा पत्रव्यवहार वाढला आणि जुना शत्रू पुन्हा दारात आला. रॉदँने त्यावर उपाय केला तो मदत घेण्याचा. त्याने एकामागून एक लेखनिक ठेवले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जर्मन भाषेतील कवी राइनर मारिया रिल्के. १९०५-०६ मध्ये काही महिने तो रॉदँकडे राहून त्याची पत्रे लिही. पुढे, न विचारता परस्पर पत्रव्यवहार केला म्हणून रॉदँने त्याला तडकाफडकी काढून टाकले. स्वतःच्या शब्दांसाठी दुसऱ्यावर विसंबणाऱ्या माणसाच्या मनात किती धास्ती असू शकते, ते या प्रसंगातून दिसते. दोघांचे संबंध नंतर जुळले. रॉदँच्या नावावर पुस्तकेही आहेत. १९११ मध्ये आलेले कलाविषयक पुस्तक पॉल ग्झेल यांनी त्याच्याशी झालेल्या संभाषणांवरून सिद्ध केले, आणि १९१४ मधील फ्रान्सच्या कॅथेड्रलांवरील पुस्तकाला शार्ल मोरीस यांचे साहाय्य होते. विचार त्याचे, वाक्यांची घडण इतरांच्या मदतीने.

याच उतारवयात एका भारतीय मूर्तीने त्याला भारावून टाकले. मद्रासच्या संग्रहालयातील नटराजाच्या ब्राँझमूर्तींची छायाचित्रे व्हिक्टर गोलुबेव या रशियन अभ्यासकामार्फत त्याच्या हाती आली. रॉदँ ती तासन्‌तास न्याहाळीत राहिला आणि १९१३ च्या सुमारास त्याने त्यांवर एक टिपण केले. ओठ, डोळे, मांड्या, पावले अशी एकेका अवयवावर दृष्टी ठेवून केलेली ती नोंद आहे. ती १९२१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आनंद कुमारस्वामी आणि ई. बी. हॅवेल यांच्या लेखांसोबत प्रसिद्ध झाली. त्याला संस्कृत येत नव्हते, पुराणांची माहिती बेताची. पण चोळ शिल्पींनी ब्राँझमध्ये जे लिहिले होते ते त्याला थेट वाचता आले.

या जीवनकथेला काळी बाजूही आहे आणि ती झाकणे बरे नव्हे. शिष्या आणि प्रेयसी असलेल्या कामीय क्लोदेल हिने त्याच्या मोठ्या कामांत अनेक वर्षे हात लावला. तिची स्वतःची प्रतिभा मोठी होती. दोघांचे संबंध तुटले आणि १९१३ पासून तिचे उरलेले आयुष्य मनोरुग्णालयात गेले. रोझशी त्याने विवाह केला तो २९ जानेवारी १९१७ रोजी, त्रेपन्न वर्षांच्या सहवासानंतर. त्यानंतर सोळा दिवसांनी ती वारली. तिच्यापासून १८६६ मध्ये झालेल्या मुलाला त्याने आपले आडनाव कधीच दिले नाही. स्वतः नाकारले गेलेला माणूस दुसऱ्याला नाकारताना अधिक हळवा होतो, असा नियम नाही.

१९१६ मध्ये रॉदँने आपली शिल्पे, रेखाटने आणि संग्रह फ्रान्स देशाला अर्पण केला. त्या बदल्यात, तो ज्या वास्तूत काम करीत असे त्या ओतेल बिराँमध्ये त्याचे संग्रहालय व्हावे, असे ठरले. १७ नोव्हेंबर १९१७ रोजी म्यूदाँ येथे त्याचे निधन झाले. संग्रहालय १९१९ मध्ये उघडले.

आज पॅरिसला जाणारा मराठी प्रवासी त्या संग्रहालयाच्या बागेत ‘द थिंकर’पुढे उभा राहून छायाचित्र काढतो. तो पुतळा नीट पाहावा. त्या माणसाच्या हाती पुस्तक नाही, लेखणी नाही. तो विचार करतो आहे तो आवळलेल्या मुठीने, ताणलेल्या पाठीने, जमिनीत रुतलेल्या पायाच्या बोटांनी. विचार म्हणजे शब्दच असे ज्यांनी धरून ठेवले, त्यांनी या पुतळ्याच्या कर्त्याला मंद ठरविले होते.

रॉदँची अडचण हेच त्याचे वरदान होते, असे म्हणण्याचा मोह टाळावा. अडचणीने त्याची वीस वर्षे घेतली, आणि त्याच्यासारखे किती कारागीर वेलबुट्ट्या घडवीत अनाम राहिले याची गणती नाही. त्याला तारले ते चार माणसांनी : बाजू घेणारी बहीण, पाहायला शिकविणारा शिक्षक, पान घडवायला शिकविणारा कामगार, आणि त्याचे हात पाहून साक्ष देणारा सहव्यावसायिक. आपल्यापैकी एखाद्याच्या घरी, लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत, शाळेचा अहवाल पुढ्यात ठेवून आईवडील आज रात्री गप्प बसलेले असतील. मुलाला काय येत नाही याची यादी त्या अहवालात असेलच. दुसरी यादी घरच्यांनाच करावी लागते.

म्यूदाँच्या टेकडीवर रॉदँ आणि रोझ यांची समाधी आहे. तिच्यावर तोच विचारमग्न पुरुष बसविलेला आहे.